बोट अजून लागलेली नाही

"तुमचं खेचरांबद्दल काय मत आहे?"

ब्रॉसार्डमधल्या त्या घराचं बेसमेंट भाड्याने बघायला गेले, तेव्हा काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नोकरीसाठी नागपूरहून माँट्रियलला येऊन मला महिनाही झाला नव्हता. ऑफर लेटर, पासपोर्टची झेरॉक्स, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं फाइलला लावून नेलं होतं. खेचरांची तयारी नव्हती.

"चांगली असतात," मी म्हणाले.

"अजिबात चांगली नसतात. पण त्यांच्यावाचून चालत नाही." एवढं बोलून ते जिना उतरायला लागले. "या, वॉशरूम दाखवतो."

मागून काकू म्हणाल्या, "तू लक्ष देऊ नकोस गं. आज त्यांच्या बोटीचा दिवस आहे."

हे ऐकून मी सरळ बसस्टॉपवर परत जायला हवं होतं. पण वरच्या किचनमधून आमटीच्या फोडणीचा वास येत होता आणि महिनाभर सँडविच खाऊन मी विटले होते. म्हणून राहिले, ती चांगली तीन वर्षं राहिले.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी कॅनडात आले, एका पेपर मिलमध्ये इंजिनिअर म्हणून जन्म काढला आणि पुढे काय करायचं हे न ठरवताच रिटायर झाले. उंच, सडसडीत, बाराही महिने अंगात तोच राखाडी स्वेटर. हा माणूस बसायचाच नाही. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवणसुद्धा ताट हातात धरून ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत. माझं छत म्हणजे त्यांची जमीन. वर काय चाललंय ते मला त्यांच्या पावलांवरून कळायचं. साधा दिवस असला तर पावलं सारखी पडायची. बोटीचा दिवस जवळ आला की ती अशी काही धावायची की मला खाली कोडमधली साधी चूक सापडायची नाही. चार-पाचदा मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. वरून टाचेने उत्तर यायचं.

तर ही बोट. शेजारी एक मादाम राहायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. नवरा वारल्यावर त्यांनी घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावर बिस्किटांच्या जुन्या डब्यात पत्रांचा एक गठ्ठा सापडला. नवऱ्याच्या घराण्यातला कुणी पूर्वज फ्रेंच फौजेत कप्तान होता. त्याने मेक्सिकोच्या मोहिमेतून थोरल्या बहिणीला धाडलेली ही पत्रं, आणि त्याबरोबर वरिष्ठांना केलेल्या अर्जांच्या त्यानेच ठेवलेल्या नकला. मादाम ते रिसायकलिंगच्या पेटीत टाकायला निघाल्या होत्या. काका तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. त्यांनी फावडं टाकलं आणि डबा उचलून घरी आणला.

"मोहीम म्हणजे काय," काका मला पहिल्याच आठवड्यात समजावत होते, "फ्रान्सच्या बादशहाला वाटलं, मेक्सिको आपल्या खिशात घालावा. फौज पाठवली. युरोपातला एक राजपुत्र नेऊन तिथल्या गादीवर बसवला. पाचेक वर्षांत सगळं अंगाशी आलं, तशी फौज परत बोलावली. आणि आमचा कप्तान या सगळ्यात काय करत होता? खेचरं मोजत होता!"

कप्तान रसद खात्यात होता. वेराक्रूझ बंदरात उतरलेलं धान्य, दारूगोळा, बूट खेचरांवर लादून वर डोंगरात पुएब्लाकडे पोचवायचं, हे त्याचं काम. त्यामुळे पत्रांत तलवारी कमी आणि खुरांचे आजार जास्त.

काकांचा नियम असा होता की पत्र ज्या तारखेचं, त्या तारखेत बोटीच्या प्रवासाचे दिवस मिळवायचे, आणि बहिणीच्या हातात ते ज्या दिवशी पडलं असेल, बरोबर एकशेचाळीस वर्षांनी त्याच दिवशी ते उघडायचं. आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मादामनी आतलं न वाचता प्रत्येक पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख टाकून दिली होती. इंडियन ग्रोसरीतून फुकट मिळालेल्या गणपतीच्या कॅलेंडरवर काका लाल वर्तुळं काढायचे. कधी एका महिन्यात तीन वर्तुळं, कधी चार महिने एकही नाही. मग त्या चार महिन्यांत काका चालून चालून घर खाली आणतात की काय असं वाटायचं.

वर्तुळाच्या दिवशी चहाला मादाम यायच्या. जुनं वळणदार अक्षर त्यांनाच लागायचं. त्या एकेक ओळ फ्रेंचमध्ये वाचायच्या, आणि काका हातात कप घेऊन, फेऱ्या घालत, त्या ओळीचं तिथल्या तिथे मराठी करायचे. वरिष्ठांना केलेला अर्ज असला की काकांच्या अंगात पेशवाईतला कारकून संचारायचा. "मेहेरबान कर्नलसाहेब यांचे सेवेशी विज्ञापना ऐसीजे, खेचरे पावली. पैकी निम्मी लंगडी आणि उरलेली चावरी आहेत." बहिणीला लिहिलेलं असलं की आवाज खाली यायचा. "ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. इकडे सर्व ठीक. येत्या वसंतापर्यंत आम्हाला परत बोलावतील असं सगळे म्हणतात." हे वसंताचं वाक्य दरवर्षी यायचं. ते आलं की काकू ओट्याशी हसायच्या. "हे अगदी आमच्यासारखं बघ. आम्हीपण एटीज्‌पर्यंत दर वर्षी 'नेक्स्ट यर परत' असंच लिहायचो."

काकू तिथल्या पाळणाघरात, म्हणजे त्या भागातल्या भाषेत गार्दरीत, वीसेक वर्षं नोकरीला होत्या. त्यांच्या फ्रेंचला काका मोजतच नसत. "हिचं फ्रेंच बालवाडीचं. हात धुवा, नाक पुसा, संपलं." काकू पोळी लाटत राहायच्या. कुंपणापाशी मादामशी त्या तासन्‌तास काय बोलायच्या ते मी ऐकलेलं होतं, आणि त्यात नाक पुसायचा विषय क्वचितच असायचा.

काकांचं एक पालुपद होतं. कशाचाही निकाल लागायचा असला की ते म्हणायचे, "बोट अजून लागलेली नाही." माझ्या पर्मनंट रेसिडेन्सीचे कागद अडकले, बोट लागलेली नाही. त्यांची कोक्विटलामला राहणारी मुलगी दिवाळीला येणार की नाही, बोट लागलेली नाही. माझ्या कंपनीत लेऑफ सुरू झाले, तेव्हा मी घाबरीघुबरी होऊन वर गेले. मला वाटलं, म्हातारा दोन धीराचे शब्द सांगेल. त्याने मला कोट घालायला लावून नदीपर्यंत चालवत नेलं आणि अख्खा वेळ खेचराच्या पाठीवर ओझं कसं बांधतात ते सांगितलं. चिडायचं की हसायचं ते कळेना. पण परत आल्यावर भूक लागली होती, हेही खरं.

बुटांचं प्रकरण तर ब्रॉसार्डच्या मराठी मंडळींत गाजलं. एका हिवाळ्यात कप्तानाच्या माणसांचे बूट फाटले. त्याने अर्ज केला. दुसरा केला. काकांचे स्वतःचे विंटर बूट त्याच सुमारास तळाला फाटले, तर हा माणूस म्हणाला, "त्याचे आल्याशिवाय मी नवे घेणार नाही." आणि खरोखर, मायनस वीसमध्ये तळव्याला ग्रोसरीच्या प्लॅस्टिक पिशव्या बांधून हिंडले. खोकल्याने बेजार झाले. काकूंनी नवे बूट आणून माझ्याकडे बेसमेंटमध्ये लपवले. शेवटी मार्चमध्ये बातमी आली की बूट पोचले, पण निम्मे पोराटोरांच्या मापाचे निघाले. काका इतके संतापले की त्यांनी त्या पत्राला तोंडी उत्तर दिलं, तेही मराठीतल्या अस्सल सातारी शिव्यांत. मादामनी काकूंना अर्थ विचारला. काकू म्हणाल्या, "इल ए कोंतां." तो खूश आहे. मग मी खालून बूट आणून दिले.

मला तिथे राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही पुढची गोष्ट. काकूंना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या, हार्टचा एक व्हॉल्व्ह बदलावा लागेल असं ठरलं. हॉस्पिटलने फेब्रुवारीतली डेट दिली. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका. काकू वरवर शांत होत्या. एका रविवारी मी वर जेवायला असताना त्या म्हणाल्या, "अहो, एक ऐकाल? तो कप्तान शेवटी घरी जातो का, तेवढं बघून सांगा मला."

काका ताट घेऊन खिडकीपाशी होते. "त्याला अजून दोन वर्षं आहेत."

"मला माहितेय. म्हणूनच विचारतेय. तो परत गेला असेल ना, तर मीही त्या टेबलावरून परत येईन, असं आपलं मी मनाशी धरलंय."

"असं काहीतरी धरायचं नसतं."

"धरलं आता. शेवटचं पत्र बघायला असा किती वेळ लागतो?"

"बोट लागलेली नाही," काका म्हणाले आणि ताट तसंच सिंकमध्ये ठेवून बाहेर निघून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. मी काकूंना म्हटलंही, की बायकोपेक्षा नियम मोठा म्हणजे काय?

काकूंनी मग मला सांगितलं. काका कॅनडात आले त्याच वर्षी साताऱ्याला त्यांचे वडील गेले. पत्र यायला तीन आठवडे लागले. एका कोपऱ्याला फाडलेलं पत्र. आपल्याकडे तेव्हा मृत्यूची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडत, म्हणजे उघडण्याआधीच माणसाला कळावं. वाचून झालं की आंघोळ करायची आणि ते पत्र फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. "त्या तीन आठवड्यांत यांनी वडिलांसाठी स्वेटर घेतला होता," काकू म्हणाल्या. "राखाडी. ते म्हणतात, ते पत्र माझ्या हातात पडेपर्यंत माझे वडील जिवंत होते. लवकर पोचलं असतं तर लवकर मेले असते."

पुढच्याच आठवड्यात, मी वर्क फ्रॉम होम करत होते त्या दुपारी, काकू कपड्यांची बास्केट घेऊन खाली आल्या. वॉशिंग मशीन माझ्या बेसमेंटमध्येच होतं. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. ऐन जानेवारीत, भर दुपारी.

"काकू, सर्दी व्हायची आहे का? आत्ता केसांवरून आंघोळ?"

त्या ड्रायरला टेकून उभ्या राहिल्या. "मी ऑपरेशन करणार नाही. हॉस्पिटलला कॅन्सल करायला सांगणार आहे."

"का?"

"तो गेला गं."

"कोण गेला?"

"कप्तान."

काका दुकानात गेले असताना त्यांनी डबा उघडला होता. अक्षर लागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, फक्त शेवटचं पत्र हातात घ्यायचं होतं. गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ते होतं, आणि त्याचा कोपरा फाडलेला होता.

"काकू, फ्रेंच लोकांत अशी पद्धत नसते," मी म्हटलं.

"तुला काय माहीत? मेलेल्याचं दुःख सगळीकडे सारखंच." त्या मशीनमध्ये कपडे भरत राहिल्या. मला त्या क्षणी फार भीती वाटली. या बाईचं हृदय एका दीडशे वर्षांपूर्वीच्या कागदाला बांधलेलं होतं आणि डेट पंधरवड्यावर आली होती.

काका आल्याबरोबर मी त्यांना दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते हसतील. ते म्हणाले, "कोपरा मी पहिल्याच दिवशी बघितलाय."

"मग मादामना विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं," काका म्हणाले. बर्फ पडलेलं नव्हतं, तरी फावडं घेऊन बाहेर गेले आणि कोरडा ड्राइव्हवे खरवडत राहिले. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. बऱ्याच वेळाने तो थांबला. मग ते बूट न काढता थेट शेजारी गेले आणि मादामना हाताला धरून घेऊन आले. वर्तुळ नसलेल्या दिवशी डबा उघडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

मादामनी पत्र हातात घेतलं, कोपरा बघितला आणि हसल्याच. "आ, सा! से मों मारी!" हा माझ्या नवऱ्याचा उद्योग. लहानपणी त्याला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. माळ्यावर गठ्ठा सापडला, बाहेरच्या बाजूचं तेवढं एक हाताला लागलं, आणि त्याने तिकिटासकट कोपरा फाडला. त्यावरून वडिलांचा मारही खाल्ला, असं तो सांगायचा.

काका बसले. सोफ्याच्या कडेवर का होईना, बसले. मी त्या घरात राहायला आल्यापासून असं घडलं नव्हतं. ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण काकू हसल्या नाहीत. शाल घट्ट लपेटून म्हणाल्या, "तिकिटाचं ठीक आहे. आता वाचा. आत काय आहे?"

मादाम वाचायला लागल्या. मी तेव्हा नोकरी सांभाळून संध्याकाळच्या फ्रेंच क्लासला जात होते. सगळं कळत नव्हतं, पण काही शब्द ओळखीचे होते. वेराक्रूझ. खेचरं बंदरातच सोडून द्यावी लागली. छावणीत फियेव्र, म्हणजे ताप. मग कप्तानाचं स्वतःचं डोकं कालपासून जड आहे असं काहीतरी. आणि मग अगदी स्पष्ट, माझ्यासारखीलाही कळेल असं वाक्य: "ल बातो ने पा-झांकोर अरीव्हे." बोट अजून आलेली नाही. त्याखाली सही. नंतरचं काहीच डब्यात नव्हतं.

मादाम थांबल्या. काकांनी मराठी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते उठून उभे राहिले, पण एक पाऊलही चालले नाहीत.

"ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार," ते म्हणाले. "खेचरं मागे राहिली, त्यांचं फार वाईट वाटतं. छावणीत ताप आहे, मला नाही. बोट लागली. मी चढलो. वसंतापर्यंत घरी पोचतो."

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला धास्ती वाटत होती, कारण बातो म्हणजे काय हे गार्दरीतल्या तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "चला, मग झालं तर. मी कॅन्सल करत नाही." आणि मादामसाठी चहा टाकायला गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याने काकू घरी आल्या. काकांनी शेवटचं पत्र गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं, आणि जणू मधे काही घडलंच नाही अशा थाटात पुढच्या वर्तुळाच्या दिवशी पुढचं पत्र उघडलं. वाचता वाचता पुन्हा तीच चिंता, तोच संताप. मी एकदा चिडवलं, "काका, शेवट तर आपल्याला माहितेय."

"कुणाला माहितेय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बोट अजून लागलेली नाही."

पुढे मला टोरंटोकडे नोकरी मिळाली आणि मी रिचमंड हिलला राहायला गेले. तिथल्या काँडोत डोक्यावर पावलं वाजायची नाहीत. सुरुवातीला मला त्या शांततेत झोप येईना. वर्तुळाच्या दिवशी काका फोन करायचे आणि नमस्कार-चमत्कार न करता थेट खेचरांवर यायचे. मी मीटिंगमध्ये असले तर व्हॉइसमेलवर अख्खं पत्र सांगून टाकायचे.

ऑपरेशन काकूंचं झालं, आणि गेले काका. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी शोव्हल करताना ड्राइव्हवेवरच कोसळले. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होते. गाडीतच बसून रडले. मला त्या माणसाचा इतक्यांदा वैताग आला होता, आणि तो माणूस मला इतका हवा होता, हे मला तेव्हा कळलं. गेले त्या दिवशी अंगात तोच राखाडी स्वेटर होता, असं काकू म्हणाल्या.

एप्रिलमध्ये काकूंचा परत फोन आला. "आज शेवटचं वर्तुळ आहे. मादाम आल्या आहेत, पण आज मीच वाचणार. त्यांच्याकडून अक्षर शिकून घेतलंय मी. आहेस ना लाइनवर?"

मी हो म्हटलं. मागे कुणाच्या पावलांचा आवाज नव्हता. कागद उलगडल्याचं ऐकू आलं. काकूंनी वाचायला सुरुवात केली, फ्रेंचमध्ये, सावकाश, एकही शब्द न अडखळता. खेचरं, छावणी, ताप, जड डोकं. "ल बातो ने पा-झांकोर अरीव्हे," काकूंनी अगदी स्वच्छ वाचलं.

मग त्या मराठीत म्हणाल्या, "बोट लागली. मी चढलो."